तुम्ही कवा जाता चालायला?

(साताऱ्यातील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना या गावात कोणी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. मोती चौकापासून पोवई नाक्यापर्यंत ते ‘डॉक्टरसाहेब’च होते. मीही आज तेच म्हणणार आहे. १९८५ साली, एमबीबीएसची शाई वाळायच्या आत, मी त्यांच्याकडे उमेदवारीला लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला ना मार्क विचारले, ना कॉलेज. विचारलं, “सायकल येते ना?”

त्यांची सायकल काळी, चोवीस इंची. हँडलला कातडी बॅग. सकाळची ओपीडी संपली की व्हिजिटा सुरू. सातारा म्हणजे सगळा चढ-उतार. चढ आला की ते खाली उतरून सायकल हातात धरून चालायचे आणि मला त्यांच्या मागे पळावं लागायचं. मी पंचवीसचा, ते पंचावन्नचे. वाड्याचा अंधारा जिना चढायचा, पेशंटला तपासायचं, आणि निघताना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारायचं, “वहिनी, गोडेतेल महिन्याला किती लागतं?” घरात खाणारी तोंडं किती, तेलाचा डबा केवढा, कोनाड्यात लोणच्याच्या बरण्या किती, याचा हिशेब मनात झाला की मग ते रक्तदाबाच्या गोळीकडे वळायचे. मला वाटायचं, म्हातारा उगाच चौकशा करतो. पुढे वीस वर्षांनी कळलं की तपासणी तिथेच चालली होती.

डॉक्टरसाहेब व्यायाम काय करतात, असं त्यांना कोणी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. अख्खं गाव त्यांना चढावर पाहत होतं.

मी १९८७ साली स्वतंत्र झालो. वर घर, खाली दवाखाना. आधी स्कूटर आली, मग चारचाकी, आणि मग व्हिजिटाच बंद झाल्या. पेशंट रिक्षाने येऊ लागले, तपासण्या लॅबमध्ये होऊ लागल्या. माझ्या पलंगापासून दवाखान्यातल्या खुर्चीपर्यंत बावीस पायऱ्या होत्या. उतरताना बावीस, दुपारी जेवायला चढताना बावीस. दिवसभराचा माझा प्रवास एवढाच. त्या खुर्चीत बसून मी लोकांना सांगत होतो, “रोज पंचेचाळीस मिनिटं चालायचं. भरभर.” आवाज खणखणीत होता. कारण तो खुर्चीतून येत होता.

२००९ सालची गोष्ट. एसटीचे एक ड्रायव्हर माझ्याकडे आले. वय शेहेचाळीस, उपाशीपोटीची साखर १६८, पोट स्टिअरिंगला टेकायला आलेलं. मी गोळी लिहिली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “रोज पंचेचाळीस मिनिटं चालायचं.” त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि अगदी सरळ मनाने विचारलं, “डाक्टर, तुम्ही कवा जाता चालायला? मी बी येतो संगं.”

श्रोतेहो, मी खोटं बोललो. “सकाळी सहाला. चार भिंतींपाशी.”

“बरं झालं. उद्या माझी सुट्टीच हाय.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो. जावंच लागलं. घरात चालायचे बूट नव्हते. दवाखान्यात घालायचे चामडी बूट चढवले. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या चार भिंतींच्या स्मारकापाशी ड्रायव्हर आधीच येऊन थांबलेले. त्यांनी एकदा माझ्या बुटांकडे पाहिलं, एकदा तोंडाकडे, आणि काही बोलले नाहीत. किल्ल्याच्या वाटेला लागलो. तिसऱ्या वळणावर माझा भाता सुरू झाला. छातीत धडधड, कानात वाफ. ते थांबले. म्हणाले, “घाट हाय, डाक्टर. दुसऱ्या गिअरवर घ्या.”

माझ्या सबंध वैद्यकीय शिक्षणात व्यायामाबद्दल इतका नेमका सल्ला मला कोणी दिला नव्हता. आज मी जे बोलणार आहे ते सगळं त्या वळणावरून सुरू होतं.

योगायोग असा, की त्याच वर्षी, २००९ मध्ये, लंडनला जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर वारले. वय नव्व्याण्णव. ज्या प्रश्नाने मला घाटात ओढलं, तो प्रश्न जगाला शास्त्रीय रीतीने विचारणारा हा माणूस. आणि त्यांनी तो विचारला बसमध्येच.

दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराचे झटके का वाढताहेत, हे कोणाला नीट कळत नव्हतं. मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली लाल बसकडे पाहिलं. एकाच बसमध्ये दोन माणसं. पगारात, राहणीत फारसा फरक नाही. एक ड्रायव्हर, ड्यूटीचा बहुतेक वेळ बसलेला. दुसरा कंडक्टर, तिकिटं फाडत दिवसाला पाचशे-सहाशे पायऱ्या चढणारा-उतरणारा. हजारो बस कामगारांच्या नोंदी तपासून १९५३ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापला: कंडक्टरांना हृदयविकार कमी, होतो तेव्हा उशिरा होतो, आणि झटक्यात मरण्याचं प्रमाणही कमी. टपालखात्यात हाच फरक पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलावरचे कारकून यांच्यात दिसला.

शंकेखोर म्हणणारच, की मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील! मॉरिस यांनाही ती शंका आली. म्हणून ते गणवेशाच्या नोंदींकडे वळले. कोणाला किती कमरेची विजार दिली, हे दप्तरात होतं. १९५६ साली त्यांनी तेही छापलं. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच जास्त निघाल्या. म्हणजे शंकेत तथ्य होतं. पण नुसती कंबर सगळा फरक समजावून सांगू शकत नव्हती. आपल्याच निष्कर्षाला आपणच टाचणी लावून पाहायची, हा त्या माणसाचा बाणा. पुढे त्यांनी सरकारी नोकरांच्या फावल्या वेळातल्या व्यायामाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि स्वतःही व्यायाम सोडला नाही.

हे वाचताना मला आमच्या गल्लीतले शिंपी आठवले. २००९ च्याच दिवाळीत माप घेताना त्यांनी टेप धरून विचारलं होतं, “डॉक्टर, छत्तीस लिहू का अडतीस?” मी म्हटलं, “छत्तीस लिहा, थोडं सैल ठेवा.” लंडनच्या दप्तरात मी ड्रायव्हरांच्या रकान्यात बसलो असतो.

आता माझा मुद्दा मांडतो. फॅमिली डॉक्टर हा पूर्वी कंडक्टर होता. चढायचा, उतरायचा, प्रत्येक प्रवाशाजवळ जायचा, कोण कुठे उतरणार हे त्याला ठाऊक असायचं. गेल्या पन्नास वर्षांत तो ड्रायव्हर झाला. काचेच्या मागे बसला, नजर समोर, प्रवासी पाठीमागे. यात त्याच्या तब्येतीचं नुकसान झालं ते झालंच. पण मोठं नुकसान सल्ल्याचं झालं. प्रवाशांचा दिवस कसा जातो, हे त्याला दिसेनासं झालं.

डॉक्टरने स्वतः व्यायाम करावा, याचं कारण आपण सहसा एकच देतो: लोकांपुढे आदर्श हवा. या कारणात तथ्य आहे, आणि त्याला पुरावेही आहेत. सर्वांत जुना पुरावा तंबाखूचा. १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही सिगारेट ओढता का, किती ओढता? सुमारे चाळीस हजार डॉक्टरांनी उत्तरं दिली. मग कोण कशाने गेलं याची नोंद पन्नास वर्षं ठेवली. २००४ साली हिशेब पूर्ण झाला: सिगारेट ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले, आणि तिशीत सोडणाऱ्यांची जवळजवळ ती सगळी दहा वर्षं वाचली. पन्नाशीत सोडली तरी सहा वर्षं वाचतात. या अभ्यासात डॉक्टर स्वतःच पेशंटच्या रांगेत बसले होते, आणि आकडे पाहून त्यांच्यातल्या पुष्कळांनी सिगारेट सोडली. मग त्यांना पेशंटला ‘सोडा’ म्हणायचा अधिकार आला.

इस्रायलमधल्या, २०१३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात सुमारे दीड हजार डॉक्टर आणि त्यांचे जवळजवळ एकोणीस लाख रुग्ण यांच्या नोंदी जोडून पाहिल्या गेल्या. ज्या डॉक्टरांनी स्वतः फ्लूची लस घेतली होती, त्यांच्या पात्र रुग्णांपैकी ४९ टक्क्यांनी ती घेतली. ज्यांनी घेतली नव्हती, त्यांच्याकडे ४३ टक्क्यांनी. सहा टक्क्यांचा फरक ऐकायला लहान वाटतो. एकोणीस लाखांच्या गर्दीत तो लहान नसतो. डॉक्टर दवाखान्याबाहेर जे करतो, ते कसं कोण जाणे, दवाखान्यात झिरपतं.

अमेरिकेत अटलांटा इथे एरिका फ्रँक यांनी २००० साली एक साधा प्रयोग छापला. दवाखान्यात ताटकळत बसलेल्या लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. त्यात एक डॉक्टर आहार-व्यायामाबद्दल सांगते. निम्म्यांना दाखवलेल्या फिल्ममध्ये अर्ध्या मिनिटाची भर होती: ती डॉक्टर स्वतः काय खाते, कसा व्यायाम करते, हे सांगते, आणि टेबलावर एक सफरचंद आणि सायकलचं हेल्मेट दिसतं. ही भर असलेली फिल्म पाहणाऱ्यांना तीच डॉक्टर जास्त विश्वासार्ह वाटली, तिचं ऐकावंसं वाटलं. अर्धं मिनिट आणि एक सफरचंद! औषध कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा स्वस्त.

हे सगळं ऐकून इथे बसलेल्या तरुण डॉक्टरांना वाटेल, ठरलं तर मग. उद्यापासून धावायचं, आणि यवतेश्वरच्या घाटातल्या हिल हाफ मॅरेथॉनचं मेडल दवाखान्यात टांगायचं. जरा थांबा.

२०१७ साली स्टॅनफर्डमधल्या दोन संशोधकांनी उलटी बाजू मांडली. आपण किती तंदुरुस्त आहोत हे मिरवणारा डॉक्टर समोर आला, की वजन जास्त असलेल्या लोकांना काय वाटतं? वाटतं, हा आपल्याला नावं ठेवणार. ते त्याच्याकडे जायचंच टाळतात. म्हणजे ज्यांना सल्ल्याची गरज सर्वांत जास्त, तेच दाराबाहेर. मेडल भिंतीवर टांगलं, पण ते पाहून गुडघे धरून बसलेल्या मावशी मनात म्हणतात, ‘हे आपल्यातलं काम नव्हे.’

मग करायचं काय? चालायचं की नाही? सांगायचं की लपवायचं?

याचं उत्तर मला पुण्याच्या एका डॉक्टरांनी दिलं. प्रत्यक्ष नव्हे, त्यांच्या एका छायाचित्राने. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. भारतीय बाळ वजनाने कमी असलं तरी त्याच्या अंगात चरबीचा वाटा जास्त असतो, आणि पुढे मधुमेहाशी त्याचं नातं जुळतं, हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतून केलेल्या कामातून दाखवलं. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे त्यांचे मित्र जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक पानभर मजकूर छापला. दोघं शेजारी शेजारी उभे. उंची-वजनाचं गुणोत्तर, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, ते दोघांचंही २२.३. वजनकाट्याच्या लेखी दोघं जुळे भाऊ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांची २१.२.

असं का, याची शक्य ती कारणंही खाली दिली होती. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती पकडणं! जन्मवेळचं कमी वजन हेही कारण असू शकेल, असं पुढे म्हटलं होतं. मी ते वाचून मोठ्याने हसलो, आणि मग गप्प झालो. जगभरच्या डॉक्टरांपुढे या माणसाने आपली चरबी आणि आपली लिफ्ट मांडली होती. ‘मी आदर्श आहे’ असा आव नाही, ‘मी वाया गेलो’ असा कढही नाही. फक्त माप. आणि त्या मापाने लाखो ‘बारीक’ भारतीयांना सावध केलं, की काटा तुम्हाला फसवतोय.

आदर्शापेक्षा डॉक्टरचं हे माप पेशंटच्या जास्त उपयोगी पडतं, असं माझं म्हणणं आहे. डॉक्टरने चालावं ते मिरवायला नव्हे. आपल्या दिवसात दहा मिनिटं कुठून निघतात, कुठे अडतात, कोणत्या महिन्यात पार वाहून जातात, हे कळावं म्हणून. हे ज्याने स्वतःच्या दिवसात शोधलं नाही, तो दुसऱ्याच्या दिवसात कसं शोधणार?

ड्रायव्हरांकडे परत येतो. त्या सकाळी उतरताना बोलणं झालं. महिन्यातून बरेच दिवस त्यांची जावळीतल्या एका गावाला मुक्कामी गाडी. रात्री उशिरा पोचायचं, गाडीतच झोपायचं, पहाटे अंधारात पहिली फेरी घेऊन यायचं. मी त्यांना पंचेचाळीस मिनिटं लिहून दिली होती, आणि त्यांच्या दिवसात सलग पंचेचाळीस मिनिटं अशी नव्हतीच. तो सल्ला त्यांच्या अंगाचा नव्हता, तयार कपड्यांच्या दुकानातला होता. मग आम्ही दोघांनी मिळून मापाचा शिवला. पुण्यात स्वारगेटला गाडी लागली की पुढची फेरी निघेपर्यंत स्टँडच्या आवारात पंधरा मिनिटं. मुक्कामाच्या गावी जेवणानंतर गावाच्या वेशीपर्यंत जाऊन परत. सुट्टीला चार भिंती. जेवणानंतर चाललं की वर चढू पाहणारी साखर दबते, हे आता प्रयोगांनी पक्कं झालं आहे. आपल्या आज्यांनी त्यालाच शतपावली हे नाव ठेवलं होतं.

तुकड्यातुकड्यांनी चाललेलं चालतं का? चालतं. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वी अट होती, की एका वेळी निदान दहा मिनिटं तरी सलग हवीत. २०२० साली ती अटही काढली. मिनिट मिनिट जमेला धरलं जातं.

आणि ‘दुसऱ्या गिअर’चं काय? वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असं सांगून ठेवलं आहे, तेही बलवान आणि चांगलं खाणाऱ्या माणसाने. सुश्रुताने प्रमेहासाठी, म्हणजे मधुमेहासारख्या रोगासाठी, दिलेला सल्ला त्याहून विचार करण्यासारखा. ऐपत नसलेल्या रोग्याने अनवाणी, छत्रीवाचून, मिळेल ती भिक्षा खात, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजनं चालावं, नाहीतर विहीर खणावी. मात्रा जबर आहे, कबूल. पण बघा, सल्ला रोग्याच्या परिस्थितीनुसार बदलला आहे. सगळ्यांना एकच चिठ्ठी दिलेली नाही. आणि स्वतः करून मग सांगणाऱ्याचं उदाहरण हवं तर आपल्या जिल्ह्यातल्या औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार घालायला लावायचे, ते स्वतः रोज घालून. राजाला रोज घाम गाळताना प्रजा पाहत होती, म्हणून त्या आज्ञेला वजन होतं.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर व्यायामाचा सल्ला काही वेळा अन्यायही करतो. सातारा तालुक्यातल्या एका खेड्यातून एक बाई यायच्या. खुरपायला जाणाऱ्या. कंबर धरलेली, हिमोग्लोबिन आठ. घाईच्या ओपीडीत माझ्या तोंडून ते पाठ वाक्य निघून गेलं: “रोज चालत जा.” त्या हसल्या. “अवं डाक्टर, दिसभर वाकून असते मी. चालायचं कवा म्हंता?” त्यांना व्यायाम नको होता. हवी होती विश्रांती, लोहाच्या गोळ्या, भाकरीबरोबर उसळ. कष्ट आणि व्यायाम यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने चालण्याचा सल्ला देऊ नये.

दुसऱ्या एक शिक्षिका. मी म्हटलं, सकाळी सहाला निघा. त्या म्हणाल्या, “सहाला नळाला पाणी येतं.” एवढंच. भारतातल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्मे पुरेशी हालचाल करत नाहीत, असा २०२२ सालचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला, पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७. या पंधरा टक्क्यांच्या फरकाला आपण आळस म्हणून मोकळे होतो. मला त्यात सहा वाजताचं नळाचं पाणी दिसतं, सातचे डबे दिसतात, आणि अंधार पडल्यावर एकटीने रस्त्याने चालताना वाटणारी धास्ती दिसते. त्या शिक्षिका आणि शेजारच्या वहिनी आता रात्री आठला गच्चीवर फेऱ्या मारतात. गप्पा होतात, पावलं होतात. हा उपाय मी सुचवलेला नाही. माझी बायको पाण्यामुळे सकाळी निघू शकत नव्हती. तिने शोधला, मी फक्त पुढे सांगितला.

आता काही डॉक्टर मनात म्हणत असतील, आमच्याकडे एका पेशंटला पाच मिनिटं. त्यात हे सगळं कुठे बसवायचं? १९९८ साली न्यूझीलंडमधल्या फॅमिली डॉक्टरांचा एक प्रयोग छापून आला. काही पेशंटना व्यायामाचा सल्ला तोंडी दिला, काहींना तोच सल्ला औषधासारखा चिठ्ठीवर लिहून दिला. हालचाल दोन्हींकडे वाढली, पण चिठ्ठीवाल्यांची जास्त. त्या चिठ्ठीला तिकडे हिरवी चिठ्ठी म्हणतात. मी हिरवा कागद आणला नाही. रक्तदाबाच्या गोळीखाली दुसऱ्या ओळीत लिहितो: ‘रात्री जेवणानंतर १० मिनिटं, गच्चीवर, वहिनींबरोबर.’ वेळ, जागा, सोबत. तिन्ही पेशंटकडूनच काढून घ्यायची. एवढ्याला दीड मिनिट लागतं. आपल्या लोकांचा लिहिलेल्यावर विश्वास असतो. कित्येक जण ती चिठ्ठी पाकिटात जपतात, काही जण मेडिकलवाल्याला दाखवून विचारतात, “हे दुसरं औषध तुमच्याकडे नाही का?”

आणि एक गोष्ट. माझंही चालणं अखंड नाही. २००९ च्याच जूनमध्ये पाऊस लागला आणि ते ड्रायव्हर आणि मी, दोघंही थांबलो. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. गणपती झाल्यावर ते तपासायला आले. साखर वाढलेली. मान खाली. पूर्वीचा मी असतो तर रागावलो असतो. त्या दिवशी म्हटलं, “मीपण बंद केलंय हो. जूनपासून.” त्यांनी मान वर केली. “खरं?” “खरं.” आणि मग ते बोलायला लागले: गोळ्याही मधेच चुकल्या होत्या, धाकट्या मुलीचं लग्न जमवायची ओढाताण होती, रात्री झोप नव्हती. माझ्या एका कबुलीने चार कबुल्या बाहेर काढल्या. पावसाळाभर न चुकता चाललो असतो, तर हे मला कधीच कळलं नसतं.

म्हणून पेशंट-श्रोत्यांनाही एक विनंती. डॉक्टरच्या पोटावरून त्याचं ज्ञान मोजू नका. जाड डॉक्टरचं निदान खरं असू शकतं. पायाने अधू डॉक्टर चालण्याचा उत्तम सल्ला देऊ शकतो. तो तुमचा दिवस विचारतो का, एवढंच बघा. आणि सातारी कंदी पेढ्यांचा पुडा आणलात, तर आधी विचारा, “डॉक्टर, तुम्हाला चालतील ना?” तो प्रामाणिकपणे ‘नको’ म्हणाला, तर समजा, बरा डॉक्टर आहे.

डॉक्टरसाहेब गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना भेटायला गेलो होतो. सायकल अंगणात होती, चाकांत हवा नव्हती. मी म्हटलं, “सर, तुमच्यासारखा व्यायाम आमच्याने नाही झाला.” ते म्हणाले, “व्यायाम कसला? मी कामाला जात होतो.” थोड्या वेळाने विचारलं, “व्हिजिटा करतोस का?” मी नाही म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मी आठवड्याला दोन व्हिजिटा पुन्हा सुरू केल्या आहेत. अंथरुणाला खिळलेले, जिना उतरू न शकणारे, असे चार-पाच जण. पायी जातो. स्वयंपाकघराच्या दारात थांबतो. तेलाचं विचारतो.

ते ड्रायव्हर २०२१ साली निवृत्त झाले. साखर गोळीवर ताब्यात आहे, पोट स्टिअरिंगपासून लांब गेलं आहे, आणि आता माझी हजेरी तेच घेतात. मागच्या आठवड्यात दोन दिवस गेलो नाही, तर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन विचारून गेले, “गाडी डेपोत लावली का काय?” आज ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. म्हणून त्यांच्यासमोरच सांगतो, सकाळी सहाला, चार भिंतींपाशी. २००९ साली हे वाक्य खोटं होतं. आज कार्यक्रम लांबला आहे, झोपायला उशीर होणार, म्हणून उद्यापुरतं साडेसहा धरा. ज्यांना यायचं आहे त्यांनी यावं. दुसऱ्या गिअरवर जाऊ.